लांबड्याची बदली

सरकारी पुरातन स्थळांच्या बदल्या दर तीन वर्षांनी होतात, आणि त्या वर्षी पहिल्यांदाच खुबे बेटावरच्या वायकिंग घराची बदली वऱ्हाडात पांगरखेडला झाली.

हुकूम सकाळच्या लाँचने आला आणि राखणदार विश्राम कोयंडेच्या हातात पडला. बेट एवढंसं, की एका टोकाला पेटवलेली विडी संपायच्या आत माणूस दुसऱ्या टोकाला पोचतो. त्यावर चाळीस घरं, एक विहीर आणि दोन पुरातन स्थळं. पहिलं चार हजार वर्षांपूर्वीचं: तीन उभे दगड, वर एक आडवी शिळा, खाली कुणाला तरी पुरलेलं. तिला गाव म्हातारी म्हणतं. दुसरं अकराशे वर्षांपूर्वीचं: होडीच्या आकाराचं लांबच लांब घर, त्याच्या आता गुडघाभर भिंती आणि मधोमध चूल तेवढी उरलीय. उत्तरेच्या थंड समुद्रातून वाट चुकून आलेल्या वायकिंगांनी ते बांधलं, दोन पिढ्या इथले मासे खाल्ले आणि निघून गेले. त्याचं नाव लांबडो. दोघांमध्ये अंतर बारा पावलांचं. विश्राम एकोणीस वर्षं रोजंदारीवर दोघांचं गवत काढत होता आणि रोज सकाळी दोघांची हजेरी मांडत होता. त्याचा दोघांवर जीव होता, आणि हे त्याने कुणापासून लपवलेलं नव्हतं.

बदली झालेल्या स्थळाला सात दिवसांत नव्या जागी हजर व्हावं लागतं. मागच्या खेपेला खाडीपलीकडच्या बुरुजाची बदली झाली, तेव्हा तो लाँचने बंदरावर गेला आणि तिथून एस.टी.ने. पुढच्या दाराने चढू द्यायचं की मागच्या, यावरून कंडक्टरशी थोडी बोलाचाली झाली, पण वेळेत पोचला. आता तिकडे रुळलाय म्हणतात.

विश्रामने हुकूम दोनदा वाचला. पांगरखेड हे नाव त्याला चांगलंच ठाऊक होतं. त्याची बायको संजीवनी नऊ वर्षं तिथल्याच शाळेत शिक्षिका होती. नऊ वर्षं विश्राम तिथे जायला तडफडत होता, आणि धाडत होते कुणाला, तर ज्याला बेट सोडायचंच नाही त्याला. दात आहेत त्याला चणे नाहीत, चणे आहेत त्याला दात नाहीत, असा हा कारभार. त्याने फोन लावला.

"गो, आमचो लांबडो तुज्या गावात येता."

"कसो येता?"

"बदली झाली. सात दिवसांत हजर होऊचा असा."

संजीवनी म्हणाली, "आणि म्हातारेचा काय?"

"ताच तर. अकराशे वर्सांचो शेजार. ती एकटी पडतली."

"मगे पती-पत्नी एकत्रीकरणाचो अर्ज करा."

नवराबायको दोघंही सरकारी सेवेत असतील तर त्यांना एकाच ठिकाणी ठेवावं, असा तो नियम. संजीवनी दरवर्षी त्याखाली अर्ज करी आणि दरवर्षी तो परत येई, कारण रोजंदारीवरचा माणूस त्या नियमाच्या व्याख्येत पती ठरत नव्हता. नऊ अर्जांमुळे त्यातलं प्रत्येक कलम मात्र तिला पाढ्यासारखं पाठ झालं होतं.

"दोघांव कायम असत," ती म्हणाली. "आपल्यासारखी भानगड नाय."

"पण तेंचा लगीन खंय झाला?"

"होऊक नाय तर लावा. सात दिवस असत."

घर वऱ्हाडात निघालं होतं. गावाने वऱ्हाडच बेटावर जमवायचं ठरवलं. गावचे वडीलधारे बाबुलकाका तेवढे अडून बसले.

"विश्रामा, व्हकल न्हवऱ्यापेक्षा तीन हजार वर्सांनी मोठी. लोक काय म्हणतले?"

"काका, चाळीस घरां. त्येतले मोठे तुमी. तुमीच सांगा काय म्हणतले."

बाबुलकाकांनी बराच वेळ समुद्राकडे बघत विचार केला. "मी तरी कायच म्हणणंय नाय," ते म्हणाले, आणि तो प्रश्न मिटला.

खरी अडचण भटजींनी काढली. गोत्र माहीत नसेल तर काश्यप धरावं, असा प्रघात आहे. इथे दोघांचंही माहीत नव्हतं. म्हणजे दोघांचंही काश्यप, म्हणजे विवाह सगोत्र, म्हणजे बसत नाही. भटजींनी पंचांग मिटलं. शेवटी बाबुलकाकाच उठले, लांबड्याच्या भिंतीवर हात ठेवला आणि म्हणाले, "माका झिल नाय, हेका बापूस नाय. मी हेका दत्तक घेतंय. आमचा गोत्र वत्स." भटजींनी पंचांग पुन्हा उघडलं.

लग्न चौथ्या दिवशी लागलं. अंतरपाट म्हणून होडीचं शीड धरलं होतं. लांबड्याला हार एकवीस मीटरचा लागला, तो बायकांनी दोन दिवस बसून ओवला. म्हातारीला हिरवं लुगडं नेसवलं तेव्हा ती अशी काही दिसली, की बाबुलकाकाही वयाचं विसरले.

कन्यादान विश्रामने करायचं होतं. चार हजार वर्षांची असली तरी एकोणीस वर्षं तिचं सगळं त्यानेच केलं होतं. कन्यादानाला पत्नी शेजारी लागते, आणि ती दूर असली की तिच्या जागी सुपारी ठेवतात. भटजींनी पाटावर सुपारी मांडली. विश्रामने तिच्याकडे पाहिलं आणि त्याला फार वाईट वाटलं. नऊ वर्षांतले सगळे गणपती, सगळे सत्यनारायण त्याने असेच सुपारीला शेजारी बसवून केले होते. सुपारी चांगली निवडून आणलेली होती, तिचा काही दोष नव्हता. पण सुपारी सुपारी असते.

अर्जाला जोडप्याचा एकत्र फोटो लागतो, तोही पासपोर्ट आकाराचा. त्यात लांबडो काही केल्या मावेना. अखेर त्याची नुसती चूल आली आणि मागे म्हातारी, डोक्यावरच्या अक्षतांसकट.

सहाव्या दिवशी अर्जाच्या चौकशीसाठी खात्याचे ढोबळे साहेब आले. साहेब घाटावरचे, लाँचची सवय नाही. म्हणून आधी घटकाभर म्हातारीच्या सावलीत बसले, सोलकढी प्यायले, मग कागद काढला.

"दांपत्य एकत्र राहतं का?"

"बारा पावलांवर, साहेब."

"म्हणजे विभक्त."

"पावसात त्याच्या अंगणातलं पाणी तिच्याकडे जातं, साहेब. आणि संध्याकाळी तिची सावली त्याच्या चुलीपर्यंत येते."

साहेबांनी उठून बारा पावलं मोजली, पाण्याचा उतार पाहिला आणि 'संसार एकत्र' असं लिहिलं. "मतभेद?"

"अकराशे वर्षांत एक तक्रार नाही."

"माझ्या घरी तेवीस वर्षांत," साहेब म्हणाले, आणि पुढचं वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. "वधूच्या वयाबद्दल नियम काय म्हणतो?"

"किमान वय दिलंय. कमाल दिलेलं नाही."

"तुम्हाला नियम बराच पाठ दिसतो, कोयंडे."

"बायको पांगरखेडला शिक्षिका आहे, साहेब. नऊ वर्षं."

"मग तुम्ही का नाही अर्ज करत?"

"मी रोजंदारीवर. मला पती धरत नाहीत."

ढोबळे साहेबांनी पेनाला टोपण लावलं, पुन्हा काढलं आणि काहीतरी लिहिलं. काय ते विश्रामला दिसलं नाही.

सातव्या दिवशी हुकूम आला. लांबडो आणि म्हातारी यांना खुबे बेटावरच एकत्र ठेवण्यात येत होतं. गावाने एकच गलका केला. पण विश्राम सरकारी कागद शेवटपर्यंत वाचणारा माणूस. खाली दुसरा परिच्छेद होता: 'तथापि पांगरखेड येथे चौथरा, कुंपण व फलक तयार असल्याने तेथील पुरातन स्थळाचे पद रिक्त ठेवता येणार नाही. सबब बेटावरील अन्य स्थळ तात्काळ पाठवावे.'

बेटावर अन्य स्थळ नव्हतं. विहीर होती, पण तिला पुरती साठ वर्षंही झाली नव्हती. पाठवायला कुणी नाही म्हटल्यावर जोडी पुन्हा फोडतील, हे विश्रामला कळत होतं. त्याने साहेबांना फोन केला.

"हे बघा," ढोबळे साहेब शांतपणे म्हणाले, "स्थळ ठरायला तीन अटी आहेत. फार वर्षं एकाच जागी असणं. उन्हापावसात उघड्यावर असणं. आणि खात्याचं त्याच्याकडे लक्ष नसणं. तुमच्या बेटावर या अटी कोण पुऱ्या करतं, ते पाहून मला कळवा."

विश्रामने तिन्ही अटी मनातल्या मनात दोनदा म्हटल्या. "साहेब, मी करतो."

"माझ्या अहवालात तेच आहे. आणि कोयंडे, पद कायम आहे."

निघायच्या सकाळी विश्राम म्हातारीला टेकून रडला. मग बारा पावलं चालून लांबड्याच्या चुलीपाशी बसला आणि तिथेही रडला. बाबुलकाकांनी कोयता आणि हजेरीपट स्वतःकडे घेतला. "झिलाक आणि सुनेक मी बघतलंय," ते म्हणाले. "लाँच सुटतली. जा."

पांगरखेडच्या चौथऱ्यावर विश्राम दुसऱ्या दिवशी दहाला रुजू झाला. गावकरी पाहायला आले. "वायकिंग येनार म्हनत होते ना बावा," एक म्हातारे म्हणाले, "हा तं कोकणी दिसते." दुसऱ्याने विचारलं, "पुराना आहे ना? मंग झालं." मंडळी दोन फेऱ्या मारून समाधानाने परत गेली.

शाळा सुटल्यावर संजीवनी डबा घेऊन आली. फाटकावर नवीकोरी पाटी होती: 'हे स्थळ संरक्षित आहे. कृपया स्पर्श करू नये.' इतकी वर्षं मुलांना वाचायला शिकवणाऱ्या बाईने ती सावकाश, पूर्णविरामापर्यंत वाचली. मग फाटक उघडून ती चौथऱ्यावर चढली, शेजारी बसली आणि विश्रामचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. पावणेसहापर्यंत तिने तो सोडला नाही.

पावणेसहाला स्थळ बंद झालं, आणि दोघं घरी गेली.