आठ नंबरचं बटण

शनिवारी सकाळी चहा पिता पिता धम्मदीपने ठरवलं, की आज माउसचं ते बटण चालवूनच दाखवायचं. कोणाला दाखवायचं हा प्रश्न होता, कारण थोड्याच वेळात घरात तो एकटा उरणार होता. पण असे मोठे निर्णय माणसाने घरात कोणी नसतानाच अंमलात आणावेत, नाहीतर ते टिकत नाहीत.

माउस नबीलच्या भावाने मस्कतहून आणलेला. नबील म्हणजे धम्मदीपच्या कार्यालयातला कॉम्प्युटर ऑपरेटर. त्याने आधी धम्मदीपचा म्हातारा लॅपटॉप विंडोजच्या तावडीतून सोडवून त्यात लिनक्स घातलं आणि मग वर हा माउस भेट दिला. नेहमीची दोन बटणं, चाक, आणि अंगठ्यापाशी आणखी चार. विंडोजवर ती चारही म्हणे हवं ते करतात. लिनक्सवर ती नुसती दाबली जात. धम्मदीप वरिष्ठ सहायक होता, त्यामुळे दाबूनही काही न होणं त्याला नवीन नव्हतं. पण घरातल्या एका तरी वस्तूने आपलं ऐकावं, असं त्याला वाटे. (माणसांची आशा त्याने केव्हाच सोडली होती.)

त्याची बायको स्नेहल प्राथमिक शिक्षिका. त्या दिवशी तिचं लांज्याला प्रशिक्षण होतं. चपला घालता घालता तिने बजावलं.

"अहो, लॅपटॉपवर माझं व्हॉट्सअॅप उघडं आहे. रावजीकाकांचा मेसेज आलाय. मी संध्याकाळी येऊन नीट शब्दांत 'नाही' कळवते. तोवर तुम्ही काही लिहू नका, फोनवर काही कबूल करू नका, आणि चांगुलपणा तर मुळीच करू नका."

"मी कशाला करू चांगुलपणा?"

"तेच म्हणते," असं म्हणून ती एसटीला गेली.

रावजीकाका म्हणजे वाडीच्या मुंबई मंडळाचे अध्यक्ष. धम्मदीपची वाडी नाटे गावाच्या अलीकडे. दर वैशाख पौर्णिमेला मुंबईकर मंडळी तिथे बुद्धजयंतीला येत, आणि त्यांना उतरवून घ्यायचा मान कोणा ना कोणाच्या गळ्यात पडे. यंदा काकांचा डोळा धम्मदीपच्या वाडीतल्या नव्या स्लॅबच्या घरावर होता. माणसं बेचाळीस, मुक्काम तीन दिवस. आणि नेमक्या त्याच तीन दिवसांत स्नेहल आपल्या आईबरोबर, शालनबाईंबरोबर, बोधगयेला असणार होती. हे जाणं अकरा वर्षं लांबलं होतं. कधी निवडणुकीची ड्युटी, कधी करोना, एकदा तर धम्मदीपचं अपेंडिक्स. अपेंडिक्सबद्दल ती त्याला कधी बोलली नाही. फक्त मे महिना आला की त्याच्या पोटाकडे बघे.

धम्मदीप बायकोला घाबरत नसे, असं तो कार्यालयात सांगे.

बटणाचं काम त्याला सोपं वाटलं होतं. साहेबांच्या प्रत्येक टिपणीखाली तो याच लॅपटॉपवर रोज एकच वाक्य टाइप करी : 'प्रस्ताव मान्य. पुढील कार्यवाही व्हावी.' साहेब नुसती सही करत. दिवसातून चाळीस वेळा तेच वाक्य लिहून बोटं दुखत. तेव्हा अंगठ्याखालचं बटण दाबावं, वाक्य आपोआप उमटावं आणि लगेच एंटर बसून पुढची ओळ यावी, एवढीच त्याची अपेक्षा होती. (तो एंटर पुढे त्याच्या मुळावर आला.)

इंटरनेटवरच्या एका सज्जनाने सगळं पायरीपायरीने लिहिलं होतं. पहिलीच पायरी टर्मिनल नावाच्या काळ्या खिडकीत होती. धम्मदीपला या खिडकीची लहानपणच्या विहिरीइतकी भीती वाटे; आत काय आहे दिसत नाही आणि पडलं की संपलं. तिने पासवर्ड मागितला. त्याने टाइप केला, तर टिंबसुद्धा उमटेना. आपण लिहितोय की नाही, हेच कळायला मार्ग नाही. तरी एंटर मारला आणि चमत्कार झाला, खिडकीने ऐकलं. मग दुसरा हुकूम देऊन त्याने माउसची बटणं एकेक दाबली, तसे आकडे उमटू लागले. अंगठ्याखालचं बटण निघालं आठ नंबरचं. त्याने एका फाईलमध्ये लिहून ठेवलं, की आठ दाबलं की ते वाक्य आणि वर एंटर. मग कोरं पत्र उघडून बटण दाबलं.

काही नाही. सज्जनाने तळटीप दिली होती : मशिन बंद करून पुन्हा चालू करा.

त्याने तसं केलं. लॅपटॉप उठला आणि मघाशी उघडं असलेलं सगळं त्याने इमानदारीने पुन्हा उघडलं. त्यात सर्वांत वर स्नेहलचं व्हॉट्सअॅप. वाडीचा ग्रुप. काकांचा मेसेज.

आता, ते बंद करायचं होतं. पण उघडं पत्र न वाचता मिटलं तर तो कोकणी माणूस कसला! 'बेचाळीस जणांचे राहणे व जेवण स्नेहलच्या घरी करावे, असा मंडळाचा प्रस्ताव आहे,' असं काकांनी लिहिलं होतं. नीट वाचावं म्हणून धम्मदीपने माउस जरा घट्ट धरला.

पडद्यावर सरसर अक्षरं उमटली. प्रस्ताव मान्य. पुढील कार्यवाही व्हावी.

आणि गेलं. स्नेहलच्या नावाने.

चालू झालं की! एक क्षण, अगदी एकच, त्याला आनंद झाला. मग स्नेहलचं सकाळचं बजावणं आठवलं.

"पुसायचं, पुसायचं," असं पुटपुटत त्याने माउस पकडला. तेवढ्यात वाडीतला साउंडवाला बाबल्या अवतरला : 'काकी, मग अंगणात माझे सोळा स्पीकर लावू ना?' धम्मदीपचा हात थरथरत होता. अंगठाही हाताचाच भाग.

प्रस्ताव मान्य. पुढील कार्यवाही व्हावी.

विरारच्या नम्रतावहिनींनी लगेच लिहिलं, की पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांना माशांचं जेवण असावं, शक्यतो सुरमई. तीही मान्य झाली.

आता धम्मदीपने खेकडा धरतात तसा माउस मागून दोन बोटांनी धरला आणि तिन्ही मान्यता पुसल्या. घाम पुसून नबीलला फोन लावला. नबील कुठल्याशा लग्नाच्या जेवणात होता.

"अरे बाबा, फाईलमधल्या त्या ओळीच्या आधी ते जाळीचं चिन्ह, हॅश, टाक. ती ओळ झोपंल. पण तू घाबरलायस कशाला? बटण तर चाललं ना?"

"चाललं म्हणूनच घाबरलोय!"

त्याने ओळ झोपवली, आणि फोन वाजला. रावजीकाका.

"धम्मा, सुनेनं काय तरी पुसलान नाय रे?"

"काका, ते चुकून..."

"असूंदे, मी वाचलंय ना! पत्रिका छापायला दिली पण. 'निवास व भोजन व्यवस्था, सौ. स्नेहल.' लाल अक्षरात. बरं केलान हो पोरीनं."

धम्मदीपने फोन ठेवला. वाडीत एकदा पत्रिकेत आलेलं नाव काढणं म्हणजे काय, ते त्याला ठाऊक होतं. त्याच्या दोन चुलत्यांमध्ये अशाच एका नावावरून एकोणीस वर्षं बोलणं नव्हतं; मधली जांभ्या दगडाची कुंपणाची गडगीसुद्धा तेव्हापासून दोन हात उंच झाली होती. आणि या सगळ्यापुढे स्नेहलचं बोधगया. तिने पांढरी साडी आत्ताच इस्त्री करून ठेवली होती. कपाटात ती दिसली तेव्हा त्याला मनापासून वाईट वाटलं, आणि मग पुन्हा भीती वाटली, कारण एसटी पाचला येत होती.

पाचपर्यंत त्याने भात लावला, ओटा तीनदा पुसला आणि कबुलीजबाबाचे सहा नमुने तयार केले. सहावा खरा होता, म्हणून तो त्याने बाद केला.

स्नेहल आली. तिने पाय धुतले, चहा घेतला, पेपर वाचला. धम्मदीपला आता ती ओरडली तर बरं असं वाटू लागलं.

"जेवणाच्या सुट्टीत मोबाइल बघितला मी," ती अखेर म्हणाली. "तुम्ही पुसायच्या आधीच वाचलं. माझ्या नावाने तीन मान्यता. 'पुढील कार्यवाही व्हावी.' असं या घरात कोण बोलतं?"

"स्नेहल, चुकलं माझं. बटण... अंगठा... मी मुद्दाम नाही गं. तू जायचं रद्द करू नकोस, मी काकांच्या पाया पडतो."

"रद्द कोण करतंय?" ती शांतपणे म्हणाली. "चालतं का अजून ते बटण?"

"झोपवलंय."

"उठवा. आणि लॅपटॉपवर माझं बंद करून तुमचं व्हॉट्सअॅप उघडा."

त्याने जाळीचं चिन्ह काढलं, मशिन बंद करून चालू केलं, आपलं व्हॉट्सअॅप जोडलं. (खरं सांगायचं तर काम इतकं सफाईने झालं, की त्याला वाटलं ती आता शाबासकी देणार.) ग्रुप उघडला. शेजारी बसून स्नेहल मोबाइलवर लिहीत होती. दोन मिनिटांनी ते लॅपटॉपवर उमटलं :

'काका, मी आईबरोबर बोधगयेला जाते आहे. बेचाळीस माणसांचे राहणे, स्वयंपाक, भांडी, सुरमई व सोळा स्पीकर हे सर्व आमचे हे स्वतः पाहतील, असा प्रस्ताव मांडते.'

"अगं, पण मला साधा वरणभात..."

"हात माउसवर ठेवा."

"जरा विचार करू दे."

"ठेवा."

त्याने ठेवला. त्याला खरंच विचार करायचा होता. पण ती त्याच्या पोटाकडे, नेमकी अपेंडिक्सच्या जागी बघत होती, आणि अंगठा दाबला गेला.

बटण पहिल्याच फटक्यात चाललं. एक अक्षर चुकलं नाही.

काकांनी कळवलं, की पत्रिका थांबवली आहे, लाल अक्षरात आता श्री. धम्मदीप येईल. मग ग्रुपवर अंगठे येऊ लागले. धम्मदीप मोजत बसला. बेचाळीस झाले, आणि शेवटचा त्रेचाळिसावा शेजारी बसलेल्या स्नेहलचा आला.