धुतलेले पडदे

शब्दाचा अर्थ सांगायची वेळ आली की मी कोणाला घाबरत नाही. बाकी सगळ्यांना घाबरतो: बँकेतल्या कारकुनाला, फोनच्या घंटीला, आमच्या सुनेला. पण शब्दापुढे मी वाघ! निवृत्तीनंतर शाळेतल्या मुलांसाठी छोटा इंग्रजी-मराठी कोश करायचं काम मिळालं, तेव्हा वाटलं, हा तर हातचा मळ.

'एक्स्पेक्ट' या क्रियापदापाशी वाघाची शेळी झाली. नुसती आशा करणं म्हणजे एक्स्पेक्ट नव्हे, नुसती वाट पाहणंही नव्हे. होणारच असं धरून चालणं, असा काहीसा अर्थ. त्याला उदाहरणाचं वाक्य हवं. माझ्या वाक्यांत राजे आणि राजदूत फार येतात, अशी प्रकाशकांची तक्रार होती. घरातलं काहीतरी लिहा म्हणाले. म्हणून घरातलं लिहिलं आणि नेहमीप्रमाणे स्वयंपाकघरात जाऊन बायकोला वाचून दाखवलं. माझी पद्धतच तशी. तिनं 'म्हणजे?' विचारलं की वाक्य खोडायचं, मान डोलावली की ठेवायचं.

"रविवारी ताई आपल्याकडे येतील, असं मी धरून चालतो," मी म्हणालो.

तिनं मान डोलावली नाही. 'म्हणजे?'ही विचारलं नाही. गॅस बंद केला.

ताई म्हणजे तिची थोरली बहीण. त्यांनी हौसेनं विणलेला स्वेटर हिला घट्ट झाला होता. दोष विणीचा की अंगाचा, यावरून दोघींचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं. आणि मला उदाहरणासाठी नेमक्या त्याच आठवल्या!

खुलासा करायला तोंड उघडलं, तोवर ती पडदे काढायला स्टुलावर चढली होती. दुपारी गादी उन्हात पडली. संध्याकाळी शेजारणीकडून खुर्च्या आल्या. मुलाला आणि सुनेला रविवारी जेवायलाच या म्हणून कळवून झालं. ती चक्क गुणगुणत होती. मी सांगायला गेलो, की दर वेळी माझ्या हातात फडकं यायचं.

एक मात्र कळलं. आशा करणारा माणूस दाराकडे बघत बसतो, एक्स्पेक्ट करणारा पडदे धुतो. ताई आल्या नाहीत तर त्या पडद्यांकडे ही कशी बघेल, या विचारानं मी फोन उचलायचो आणि परत ठेवायचो.

शेवटी शनिवारी गच्चीवर जाऊन ताईंना फोन लावला. बराच वेळ हवापाण्यावर बोललो. भावोजी, मुद्द्याचं बोला, म्हणाल्या.

"ताई, ती तुमची वाट बघतेय."

"तिनं सांगितलंय तसं?"

"नाही. पण पडदे धुतलेत."

पलीकडून आवाज आला, "कुठले, ते निळे? आटतात ते. ओले असतानाच ताणायला सांगा तिला." आणि फोन ठेवला. येणार का, हे विचारायचं राहूनच गेलं. पडदे मात्र मी स्वतः ताणले.

रविवारी मी कबुलीजबाब पाठ करत दाराशी उभा होतो. खाली गाडी थांबली. ताई वर आल्या, पडदे निरखून म्हणाल्या, "आटलेच."

"आटू देत," ही म्हणाली, आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून इतकं हसल्या-रडल्या, की चहा सुनेला करावा लागला.

जेवणं झाल्यावर मी धीर केला. "अगं, ते वाक्य कोशातलं होतं."

"माहीत आहे," ती म्हणाली. "एरवी तुम्ही इतकं शुद्ध कधी बोलता? ताईला फोन करायला माझी जीभ रेटत नव्हती. म्हटलं, पडदे काढले की तुम्ही घाबराल आणि फोन कराल."

"आणि मी केलाच नसता तर?"

दोघी बहिणींनी आधी माझ्याकडे बघितलं, मग एकमेकींकडे, आणि हसत सुटल्या.

माझ्यावर इतका ठाम विश्वास आयुष्यात कोणी टाकला नव्हता. तो माझ्या भित्रेपणावर होता, ही गोष्ट वेगळी.