वीणा घरी आली का?

आमच्या शेजारच्या सुधाकरनानांनी एकदा चक्क टीव्हीवरच्या माणसाचं सुतक पाळलं होतं. 'ध्रुवयान' नावाची अंतराळातली मालिका तेव्हा रविवारी सकाळी लागायची. तिच्यातले डॉक्टर उल्कांच्या माऱ्यात गेले आणि नानांनी तीन दिवस दाढी केली नाही. नाना वरणगावच्या कारखान्यात होते. साहेबानं विचारलं, "घरात कोणी गेलं का?" नाना म्हणाले, "घरातलंच समजा. डॉक्टर होते."

असा हा माणूस! जळगावात आमच्या गल्लीत तेव्हा त्यांचा एकट्याचाच रंगीत टीव्ही. आंघोळ केल्याशिवाय आणि चपला बाहेर काढल्याशिवाय कुणालाही ध्रुवयान बघायला मिळायचं नाही. मी एकदा पारोसाच घुसलो, तर कान धरून बाहेर काढलं. "तिथं माणसं जीव धोक्यात घालताहेत, आणि हा तोंड न धुता आला!"

मग मालिका बंदच पडली. वीणा नावाची इंजिनीअर पोरगी आईला ध्रुवयानातच ठेवून एकटी लहान यान घेऊन शनीच्या कड्यांमागे गेली, आणि पुढच्या रविवारी त्या जागी कपाशीवरच्या बोंडअळीचा कार्यक्रम! वीणाचं काय झालं ते कुणाला कळलंच नाही. आम्ही पोरं महिनाभरात विसरलो. सिंधूअक्का, म्हणजे नानांची बायको, विसरल्या नाहीत. नवराबायको आपसात अहिराणी बोलतात, 'आली'ला 'उनी' म्हणतात. पापड लाटता लाटता अक्का मध्येच म्हणायच्या, "ती पोर घर उनी व्हई का हो?" नाना म्हणायचे, "पुढला भाग येवू दे, मंग समजी."

पुढला भाग यायला आमचे केस पिकले. यंदा ध्रुवयानचा सिनेमा आला. पण तीन वर्षांपूर्वी साखरेनं अक्कांची नजर नेली होती. त्या नानांना म्हणाल्या, "मी तठे यीसन काय करू? तुम्ही देखी या. ती उनी का नही, इतलंच माले सांगा."

झालं! नानांच्या अंगात वारं भरलं. पोस्टर पाहूनच भांडणाला सुरुवात. "यानाला चार खिडक्या होत्या. इथं तीनच? चौथी काय विकून खाल्ली?" तरी गल्लीतल्या आम्हा पाच-सहा जणांना सक्तीनं आंघोळी करायला लावून त्यांनी दोन रिक्षांत कोंबलं. थेटराच्या दाराशी पोचताच फर्मान सुटलं, "चपला काढा." दारावरचा माणूस हादरला. "काका, हे काय मंदिर आहे का?"

"मंदिरातून चपला चोरीला जातात," नाना म्हणाले. "इथं तुम्ही उभे आहात ना?"

आम्ही पन्नाशीतली माणसं मुकाट्यानं अनवाणी आत गेलो.

आणि सिनेमा? अहो, काय सांगू! आमचा अबोल कॅप्टन बर्फात नाचत होता. यानात मॉलसारखे सरकते जिने. धुळ्याहून खास आलेलं, आमच्याच वयाचं एक टोळकं मध्यंतरातच कपाळाला हात लावून बसलं. "आपलं ध्रुवयान पत्र्याचं होतं हो," त्यांच्यातला एक म्हणाला, "पण खरं वाटायचं." नानांनी त्याला दटावलं. "थांबा जरा. वीणा यायची आहे अजून."

वीणा आलीच नाही. शेवटाकडे कुणीतरी विचारलं तेव्हा कॅप्टन हातमोजे चढवता चढवता म्हणाला, "वीणा? वो तो कब की मर गयी." आणि लगेच मारामारी सुरू. बस, एवढंच!

नाना उभे राहिले. "कधी? कशी?" त्यांनी पडद्यालाच विचारलं.

"ओ काका, बसा ना खाली!" मागून कुणीतरी ओरडलं. नाना बसले.

बाहेर धुळेकर शिव्या हासडत होते, मीही त्यांना साथ दिली.  रिक्षात नाना एकदाच म्हणाले, "तिला काय सांगू रे? इतकी वर्षं वाट बघतेय ती."

"खरं तेच सांगा. सिनेमाच तर आहे," मी म्हणालो. बोलून गेलो आणि माझी मलाच लाज वाटली.

अक्का ओट्यावर बोटांनी चाचपत मेथी निवडत बसल्या होत्या. रिक्षाचा आवाज ऐकून हात थांबले.

"उनी का?"

नाना त्यांच्याशेजारी टेकले. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"उनी," ते म्हणाले.

मी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. जन्मात कधी खोटं न बोललेला हा माणूस! पण आता सुटलेच. वीणाचं यान कसं हळूहळू दिसायला लागलं, तिचे केस कसे पांढरे झाले होते, कॅप्टन कसा धावत गेला. अक्का तोंडाला पदर लावून ऐकत होत्या.

"तिनी माय काय बोलनी?"

इथं नाना अडखळले. "माय... माय काहीच नही बोलनी. पयले तिले ताट वाढं. भरीत, पुऱ्या..."

"यानमा?" अक्का म्हणाल्या. "यानमा वांगा कोठून उनात हो?"

 नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी मेथीच्या जुडीकडे बघायला लागलो. 

 अक्कांनी डोळे पुसले. चाचपडत त्यांचा हात नानांच्या मनगटावर आला आणि तिथंच थांबला.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "पोर भुकेली व्हती ना? वाढा तिले. पुढे सांगा."