तक्रार करेल त्याचा चहा

लोकांच्या तक्रारी कशा मिटवायच्या हे मधुमतीला कुणी शिकवायची गरज नव्हती. नॉटिंगहॅमच्या मराठी मंडळींच्या गणपतीत आणि दिवाळीत वर्षानुवर्षं स्वयंपाकघर तिच्या ताब्यात होतं आणि तिथे तिचं एकच औषध चालायचं. मसालेभात तिखट झालाय असं कुणी म्हणालं, की पदर खोचून तिने म्हणायचं, "हो का? मग पुढच्या वर्षी तुम्हीच करा." समोरचा माणूस मुकाट्याने पुन्हा मसालेभात वाढून घ्यायचा. त्या एका वाक्यापुढे टिकलेला मराठी माणूस तिने अजून पाहिला नव्हता.

म्हणूनच ग्वेनच्या घरी फीडबॅकची मीटिंग झाली तेव्हा तिचा पारा चढला. ग्वेन म्हणजे शेजारच्या घरातली रिटायर्ड लायब्ररियन. बाई पेगन, म्हणजे सूर्य, अग्नी, झाडं यांना मानणाऱ्यांतली. दर मे महिन्याच्या सुरुवातीला ही मंडळी जवळच्या पार्कात वसंतोत्सव करतात. शेकोटी पेटवतात, ढोल बडवतात, उंच खांबाला रंगीत फिती बांधून त्याच्याभोवती नाचतात, आणि वाटेल त्याने येऊन बघावं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हाही मधुमतीला यात काहीच नवल वाटलं नव्हतं. अग्नी आहे, ढोल आहे, गर्दी आहे, म्हणजे चहा हवाच! आलं-वेलदोडा घातलेल्या चहाचा स्टॉल तेव्हापासून तिचा. मंडळाचं स्वयंपाकघर आता केटररकडे गेलं होतं, मुलगा-सून वॉटफर्डला ओट मिल्क पीत होते. आपल्या हातचं पिऊन चार माणसांनी 'वा' म्हणावं अशी तिच्याजवळ ही एवढीच जागा उरली होती.

आणि उत्सव आटोपल्यावर कुणा कॉलिनने लिहून पाठवलं होतं, की चहा फार गोड होता आणि फार उकळलेला होता.

"चहा उकळायचा नाही तर काय गोंजारायचा?" मधुमती म्हणाली.

ग्वेन शांतपणे म्हणाली, की पाहुण्यांच्या अभिप्रायातूनच आपण शिकायचं असतं, आणि ती प्रत्येकाला आभाराचं उत्तर लिहिणार होती. आभार! शेकोटी लहान होती म्हणणाऱ्याचे आभार आणि धूर फार झाला म्हणणाऱ्याचेही आभार. एकाच्या म्हणे कानठळ्या बसल्या, दुसऱ्याला ढोल ऐकूच आले नाहीत. कुणाला टॉयलेटं लांब पडली, कुणाला तीच फार जवळ वाटली. फुकट आले, फुकट नाचले, आणि वर हा तोरा! उत्तरं मी लिहिते, असं मधुमतीने जाहीर केलं. ग्वेनचं मनगट दुखत होतं, तिला बरंच वाटलं.

घरी येऊन मधुमतीने एकूण एक तक्रारखोराला तेच लिहिलं. अभिप्रायाबद्दल आभार, पुढच्या वर्षी हे काम तुम्हीच करा.

तिचा नवरा मुरलीधर चष्मा वर सरकवून स्क्रीनकडे बघत म्हणाला, "अगं, हे इंग्रज लोक आहेत. लिहिलेलं खरं मानतात."

"मानू देत. लाज वाटेल आणि गप्प बसतील."

लाज कुणालाही वाटली नाही. आठवड्याभरात झाडून सगळ्यांची उत्तरं आली, की विचारल्याबद्दल खूप आनंद झाला, नक्की येतो. इतकी वर्षं येतेय पण मला कुणी काम सांगितलंच नव्हतं, असं एका बाईने भरून येऊन लिहिलं होतं. तरी मधुमती निर्धास्त होती. 'नक्की येतो' म्हणणारे किती येतात, हे तिने मंडळात पुरेपूर पाहिलं होतं.

पुढच्या मे महिन्यात मोठं पातेलं कडेवर घेऊन ती पार्काच्या फाटकाशी पोचली, तर दंडाला कार्यकर्त्यांची हिरवी फीत बांधलेल्या एका बाईने तिला हसून विचारलं, "पहिल्यांदाच आलात का?" मागच्या वेळी आपलं स्वागत कुणी केलं नाही म्हणून लिहिणारी ती हीच.

आत तर कहर होता. ज्याला शेकोटी लहान वाटली होती त्याने लाकडं दुमजली रचली होती, आणि ज्याला धूर फार झाला होता तो गृहस्थ बादलीतलं पाणी त्यांवर शिंपडत उभा होता. ज्याला ढोल ऐकू आले नव्हते तो जीव तोडून ते बडवत होता, कानठळ्यावाला कापूस वाटत होता. टॉयलेटांवर तर दोघांची नेमणूक. एक ती जवळ आणी, दुसरा लांब नेई. सकाळपासून त्या चाकांवरच्या निळ्या टॉयलेटांनी अर्धं पार्क पाहून घेतलं होतं, एकदा तर आत माणूस असताना!

आणि तिच्या स्टॉलवर कॉलिन होता. सडपातळ, अदबशीर. कोमट पाण्यात पिशवी जरा बुडवून लगेच बाहेर काढत होता, जणू तिला सर्दी होईल या भीतीने.

"तुमच्या पत्रामुळे धीर आला," तो मनापासून म्हणाला, आणि त्याने तिच्या हातात एक फिकट कप ठेवला.

आपलाच स्टॉल, आणि आपल्यालाच पाहुण्यासारखा कप! मधुमतीला राग आला, त्याहून जास्त वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा आणखी राग आला. पातेलं घेऊन ती बाकावर बसली. दरवर्षी येणारा प्रत्येकजण या वेळी कशाचा ना कशाचा प्रमुख होता. अख्ख्या पार्कात हिरवी फीत नसलेली ती एकटीच होती, त्यामुळे ग्वेन अभिप्रायाचा कागद घेऊन थेट तिच्याकडेच आली. या वर्षी शिकायचं तर फक्त तुझ्याकडूनच, म्हणाली.

मग मधुमतीने लिहिलं. चहा पाणचट. शेकोटी ओली. ढोल बेताल. फितींचा गुंता. टॉयलेटं एका जागी उभी राहत नाहीत. कागद पुरेना, तेव्हा तिने मागची बाजूही भरली.

ग्वेनने सगळं सावकाश वाचलं. तिचे डोळे पाणावले. "मधू, हा उत्सव इतका छान कधीच झाला नव्हता, आणि तो तुझ्या नियमामुळे झाला," ती म्हणाली. "तोच नियम तुलाही. पुढच्या वर्षी हे सगळं तूच कर."

कॉलिनचा प्रताप तिने फोनवर सांगितला होता; संध्याकाळी मुरलीधर गाडी घेऊन आला. पातेलं डिकीत ठेवताना त्याने विचारलं, "मग, चहाचा स्टॉल मिळाला का परत?"

"मिळाला."

सिग्नलला गाडी थांबली. मग ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "अहो, तुम्हाला टॉयलेटं ढकलता येतील ना?"

तक्रार करायला मुरलीधरने तोंड उघडलं, आणि इतकी वर्षं तिच्याबरोबर संसार केलेला माणूस तो, लगेच मिटलं.