डोराबाईंच्या बुद्धाची शिंगं

आमच्या शेजारच्या डोराबाई हिवाळा लागला की अंगणातल्या बुद्धाच्या डोक्याला हरणाची शिंगं बांधतात. खरी शिंगं, चामड्याच्या पट्ट्याने, हनुवटीखाली बक्कल लावून.

मी अमेरिकेत ट्रॉयला मुलाकडे राहायला आलो तेव्हा खिडकीतून हे पहिल्यांदा पाहिलं आणि हातातला चहा तसाच ठेवला. मी चौथी पास, रेल्वेच्या वर्कशॉपात पस्तीस वर्षं फिटर. शिक्षण कमी, पण बुद्ध मला कोणी शिकवायचा नाही. माझ्या बापाने नागपूरला धम्म घेतला त्याच आठवड्यात घरातले सगळे देव टोपलीत भरून नदीत सोडले. ते पोहत पोहत अमेरिकेला निघतील आणि बुद्धाच्या डोक्यावर चढून बसतील, असं त्याला काही वाटलं नसेल.

डोराबाई सत्तरीच्या, बुटक्या, केसांत कुठल्याशा पक्ष्याचं पीस. पूर्वी मोटारीच्या कारखान्यात सीटा शिवायच्या. पहिल्या भेटीत म्हणाल्या, "मी बुद्धिस्ट चेटकीण आहे." आमच्याकडे बाईला चेटकीण म्हटलं तर गाव जमतं, पोलीस येतात. ही बाई आपणहून सांगते, वर कुकी खा म्हणते.

पौर्णिमेला त्या गवतावर मक्याच्या पिठाचं रिंगण काढतात, मध्ये उभ्या राहून चारी दिशांना घंटी वाजवतात, वाऱ्याला या म्हणतात, विस्तवाला या म्हणतात, कुठल्याशा चंद्रदेवीलाही आमंत्रण जातं. मग मांडी घालून "बुद्धम सरनम". उठताना एकेकाचं नाव घेऊन निरोप देतात, की पाहुणे, आता निघा.

एकदा मी त्यांना कुंपणापाशी गाठलं. माझं इंग्रजी वर्कशॉपचं: टाइट, लूज, ओके, ब्रेक. ऐकलेलं मात्र सगळं कळतं. म्हटलं, "बुद्धा, नो गॉड." त्या म्हणाल्या, अगदी बरोबर. म्हटलं, "मून, नो गॉड." तर म्हणाल्या, "देअर इज रूम, मिस्टर आबा." म्हणजे जागा आहे. काहीही विचारा, त्यांचं उत्तर हेच. शिंगांना जागा आहे, चंद्राला आहे, बुद्धाला तर आहेच. माझी सून प्रज्ञा म्हणाली, आबा, जाऊ द्या ना, इथे कोणी कोणाच्या यार्डात लक्ष घालत नाही.

मी जाऊ देणाऱ्यातला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला निघालो तो सरळ त्यांच्या अंगणात शिरलो, बक्कल काढलं, शिंगं खाली ठेवली आणि पुढे गेलो. त्याच्या दुसऱ्या दिवशी शिंगं परत डोक्यावर. परत काढली. परत चढली. असं अकरा दिवस चाललं. त्या काही बोलल्या नाहीत, मीही बोललो नाही. खरं सांगायचं तर मला मजा यायला लागली होती. मुलगा म्हणाला, आबांना इथली हवा मानवली.

बाराव्या दिवशी बोटं गारठलेली होती. शिंग निसटलं, दगडावर आपटलं आणि त्याचं एक टोक तुटून उडालं. मी टोक उचलून खिशात घातलं आणि घरी आलो.

दुपारी डोराबाई आमच्या दारात. मी आत सोफ्यावर. प्रज्ञाने सगळं ऐकून घेतलं आणि येऊन मला सांगितलं. ती शिंगं त्यांच्या नवऱ्याने, वॉल्टरने, मारलेल्या शेवटच्या हरणाची. बाई बुद्धाच्या वाटेला लागल्या तरी तो शिकारीला जातच राहिला. त्या हरणावरून बाईंनी अबोला धरला, आणि अबोला सुटायच्या आत वॉल्टर गेला. तेव्हापासून त्या दर हिवाळ्यात शिंगं बुद्धाच्या डोक्यावर ठेवतात, म्हणजे ते हरीण, वॉल्टर आणि त्यांचा स्वतःचा राग, तिघं एका जागी शांत बसतील. आता एक टोक तुटलंय, तो तुकडा मिळाला तर त्यांना हवाय.

"आबा, तुम्ही रोज तिकडून जाता. काही पाहिलं?"

"नाही," मी म्हटलं. तुकडा खिशात टोचत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वंदनेला बसलो. पंचशील म्हणताना न दिलेलं घेणार नाही, तिथे अडखळलो. खोटं बोलणार नाही, ते गाळूनच पुढे गेलो. ज्या बाईला मी बुद्ध शिकवायला निघालो होतो, तिची पाचही शीलं शाबूत, आणि माझी दोन गेलेली.

मुलाच्या गॅरेजमधून ड्रिल, एक बारीक खिळा आणि गोंदाची नळी घेतली आणि त्यांचं दार वाजवलं. तुकडा तळहातावर धरला. "आय ब्रेक," म्हटलं. "आय नो सी, लाय." म्हणजे पाहिलं नाही म्हटलं, ते खोटं.

"ठाऊक आहे," डोराबाई म्हणाल्या. "रोज खिडकीतून बघत होते. तुम्ही घसराल म्हणून पहाटे वाटेवर बर्फ विरघळवायला मीठ टाकून ठेवत होते."

मी विचारलं, मग मला अडवलं का नाही.

"अडवलं असतं तर तुम्ही परत आला नसता. वॉल्टर गेल्यापासून या अंगणात रोज येणारं कोणी नाही."

मी ड्रिलची वायर सोडवत बसलो.

त्यांच्या स्वयंपाकघरातच शिंगाला भोक पाडलं, खिळ्याचं डोकं उडवून तो आत बसवला आणि टोक जोडलं. सांधा नखाला लागत नाही असं काम झालं, हे सांगायलाच पाहिजे. बाहेर आल्यावर डोराबाईंनी शिंगं माझ्यापुढे धरली. मी मानेनेच नाही म्हटलं. बुद्धाला शिंगं माझ्या हाताने चढायची नाहीत, ते माझं अजून तसंच आहे. मग त्या स्वतःच स्टुलावर चढल्या. स्टुलाचा एक पाय बर्फात रुतत होता. तेवढा मी धरून ठेवला, बक्कल लागेपर्यंत.