तम्माण्णांचा अर्धा आटा

आमचे शेजारी तम्माण्णा सायकलवर बसण्याआधी तिची नाडी बघत. पुढच्या चाकावरच्या दोन्ही स्प्रिंगांवर अंगठे टेकवून, डोळे मिटून उभे राहत आणि ठरलेलं निदान सांगत, "अजून अर्धा आटा." की निघालाच खिशातून नट आवळायचा पाना!

वडगावात घरोघर हातमाग. तम्माण्णाही लुगडी विणत. मागावरच्या ताण्याचं सूत अंगठ्यानं दाबून बघायची सवय, ती त्यांनी सायकलीलाही लावली. सायकल तरी कसली? लष्करी कॅम्पातल्या कुणा साहेबानं विलायतेला परतताना विकलेली. पुढच्या चाकावर भक्कम लोखंडी बैठक होती. तिच्यावर साहेबाचा धिप्पाड कुत्रा बसून हवा खायचा, आणि त्याच्या पोटातलं पाणी हलू नये म्हणून खाली ह्या स्प्रिंगा. साहेबाची स्वतःची हाडं खिळखिळी झाली तरी चालत असावं.

त्याच बैठकीवर बायकोला बसवून तम्माण्णांना तिला माहेरी न्यायचं होतं. तीन वर्षांपूर्वी बैलगाडी उलटली आणि गंगाक्काची कंबर दुखावली. तेव्हापासून गाडीचा हादरा तिला सोसेना, माहेर तुटलं. पाच कोसांवर सुळेभावीला यंदा लक्ष्मीची जत्रा होती, ती काही दर साली भरत नाही. तिची आई थकली होती. एवढी जत्रा तरी लेक दिसू दे, असा म्हातारीचा निरोप आला होता. हातात महिना उरला होता.

गंगाक्काला भलतीच काळजी. "कुत्र्याच्या जागंवर मी बसू व्हय?" ती विचारी. कुत्रा विलायती होता आणि रोज साबणानं आंघोळ करायचा, असं तम्माण्णा तिला गंभीरपणे समजावत.

परीक्षा एकच. बैठकीवर काठोकाठ ताकाचा तांब्या बांधायचा आणि एकही थेंब न सांडता मारुतीच्या देवळाला वळसा घालून यायचं. रोज सांडे, रोज अर्धा आटा. पंधरा दिवसांत गल्लीतली मांजरं घंटी ऐकून सायकलीमागं पळायला शिकली.

मग त्यांची नजर माझ्यावर पडली. "गुरुजी, तुमचं वजन आमच्या हिच्याएवढंच आसंल की." मी शाळामास्तर माणूस, गावात काही अब्रू होती. तरी बसलो, कुत्र्याच्या जागी, मांडीवर तांब्या घेऊन! देवळापर्यंत थेंब हलला नाही. मलाही चेव आला, मी घंटी वाजवायला लागलो. तेवढ्यात सायकल जी डावीकडं ओढली गेली, ती थेट भीमाण्णा विणकराच्या ताण्यात. बिचाऱ्यानं चाळीस हात सूत रस्त्याकडेला ताणून खळ लावली होती. मी, तम्माण्णा आणि ताक, तिघंही त्यात गुंतलो. भीमाण्णानं आमचा उद्धार मराठीत सुरू केला, ती पुरेना म्हणून कानडीत संपवला.

सूत सोडवता सोडवता तम्माण्णा एकदम हसत सुटले. त्यांच्या घराची जमीन उतरती, म्हणून मागाची उजवी बाजू ते नेहमी जरा जास्त ओढत. हाताला तेच वळण. सायकलीची उजवी स्प्रिंगही ते इतके दिवस तशीच जास्त आवळत आले होते, म्हणून बैठक डावीकडं कलली होती. रस्ता बिचारा सपाट होता.

जत्रेच्या दिवशी सकाळी बैठकीवर पाट, पाटावर गोधडी आणि तिच्यावर नवं लुगडं नेसून गंगाक्का बसली. मी वेशीपर्यंत पोचवायला गेलो. तम्माण्णांनी स्प्रिंगांची नाडी बघितली आणि जन्मात पहिल्यांदा म्हणाले, "झालं."

पण सीटवर काही बसले नाहीत. एक हात हँडलला, दुसरा तिच्या पाठीशी धरून चालायलाच लागले. अहो, पाच कोस चालणार का, मी विचारलं. मग एवढ्या आट्यांचा खटाटोप कशाला केला?

ते खाली बघत हळूच म्हणाले, "त्या दिशी गाडी मीच हाकत हुतो, गुरुजी. बाजार गाठायच्या घाईत."

गंगाक्कानं ऐकलं होतं. मागं न वळता ती म्हणाली, "अवं, तीन वर्सं झाली की त्याला. बसा आता."

"अजून अर्धा कोस," तम्माण्णा म्हणाले, "मग बघू."

जत्रेहून परतल्यावर गंगाक्कानं सांगितलं, पाचही कोस ते चालतच गेले, आणि पाठीचा हात सोडला नाही.