लिस्बनमध्ये कुठे जेवावे : सुधारणा क्रमांक नऊ

भूक लागणे हे कोणत्याही प्राण्याला जमते. कुठे जेवावे हे ठरवायला मात्र कागदपत्रे लागतात. इतिहासही हेच सांगतो. पाचशे वर्षांपूर्वी पोर्तुगीज लोक लिस्बनहून मस्कतला आले ते जेवणाची कसलीही पूर्वचौकशी न करता. त्यांनी किल्ले बांधले, तोफा चढवल्या आणि जेमतेम दीडशे वर्षांत त्यांना गाशा गुंडाळावा लागला. मस्कतमधल्या वादी अदाई भागातल्या धनंजयरावांनी उलट दिशेने, म्हणजे मस्कतहून लिस्बनला, आठ दिवस जायचे ठरवले, तेव्हा ही चूक पुन्हा होऊ द्यायची नाही असे त्यांनी पहिल्याच दिवशी मनाशी नक्की केले.

धनंजयराव मूळचे गुहागरकडचे. मस्कतच्या एका बांधकाम कंपनीत बावीस वर्षे डॉक्युमेंट कंट्रोलर. हे पद ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायचे तर, पूल इंजिनियर बांधतात, पण पुलाचा कागद धनंजयराव पुढे सरकवतात, आणि तो सरकल्याशिवाय सिमेंटची एक गोणी फुटत नाही. प्रत्येक कागदावर चारपैकी एक शिक्का बसतो : अ म्हणजे मंजूर, ब म्हणजे शेऱ्यासह मंजूर, क म्हणजे सुधारून पुन्हा सादर करा आणि ड म्हणजे नामंजूर. बावीस वर्षांत पहिल्याच फेरीत 'अ' मिळालेला कागद त्यांनी एकदाच पाहिला. तो कागद हरवलेल्या शिक्क्याऐवजी नवा शिक्का मिळावा, या मागणीचा होता.

लिस्बनचे निमित्त लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचे. धनंजयरावांनी पत्नीला, प्रभावतीबाईंना, रीतसर विचारले होते की काय हवे. बांगड्या नकोत म्हणाल्या. मग तव्यावरची पोळी उलटत, त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "मला एकदा असं जेवायचंय, की ताट पुढे येईपर्यंत त्यात काय आहे ते मला ठाऊक नसेल."

धनंजयरावांना भरून आले. खरोखरच आले, माणूस मनाने लोण्यासारखा आहे. त्यांनी डोळे पुसले, लॅपटॉप उघडला आणि तिथल्या तिथे नवी फाइल सुरू केली.

बरोबर कोण येणार हे ठरवावे लागले नाही. हर्णैचे हुसैनमियाँ, ज्यांचे मस्कतच्याच हमरिया भागात रंगांचे आणि हार्डवेअरचे दुकान आहे, आणि त्यांच्या पत्नी हवाबी यांच्याशी वीस वर्षांचा घरोबा. एका शुक्रवारी प्रभावतीबाईंची कढी, पुढच्या शुक्रवारी हवाबींचे कालवण, असे चालत आलेले. पाचवी ज्ञानदा, धनंजयरावांची मुलगी. बारावीत आहे आणि फेब्रुवारीपासून व्हीगन आहे (मार्चमध्ये एक दिवस नव्हती).

पाच माणसांच्या गरजा विहित नमुन्यात मागवण्यात आल्या. हुसैनमियाँ आणि हवाबींना हलाल हवे. मासे चालतील, पण ज्या तव्यावर ते भाजले त्या तव्याचा पूर्वेतिहास कळावा. धनंजयराव गुरुवारी शाकाहारी. ज्ञानदाला दूध, दही, तूप, मध आणि उपदेश चालत नाही. हुसैनमियाँची कंबर धरते, सबब पाठ असलेली खुर्ची. शिवाय स्वच्छतागृहात पाण्याचा पाइप असावा, ही अट सर्वांची, आणि तिच्यावर चर्चासुद्धा झाली नाही. प्रभावतीबाईंनी आपला रकाना कोरा ठेवला होता. त्यात धनंजयरावांनी 'वरीलप्रमाणे' असे लिहून दिले.

इंटरनेटवरून लिस्बनमधली दोनशे चौदा खानावळी गोळा झाल्या. हलालच्या चाळणीतून अठ्ठावन्न उरल्या. ज्ञानदामुळे एकोणीस. कंबरेमुळे अकरा. पाण्याच्या पाइपाबद्दल प्रत्येकाला इमेल गेली. सात जणांनी उत्तर दिले नाही, एकाने प्रश्न समजला नाही असे कळवले, आणि तीन उरल्या. त्यांपैकी एक गुरुवारी फक्त मासळी देते, दुसरी कायमची बंद झाली आहे, आणि तिसरी बारकाईने पाहता लिस्बनमध्ये नव्हती.

दुसरा कुणी असता तर खचला असता. धनंजयरावांना समाधान वाटले. कारण काम चोख झाल्याची खूणच ही, की हाती काही उरू नये.

तरीही माणसाने सावध असावे. म्हणून परिशिष्ट दोनमध्ये स्वयंपाकघर असलेली जागा घेण्याचे ठरले, आणि परिशिष्ट तीनमध्ये 'आपत्कालीन शिधा' आला. भाजणी, मेतकूट, तिखटमिठाच्या पुऱ्या, लसणाची चटणी, आमसुले, सोडे, पाच लिटरचा कुकर आणि त्याची जास्तीची रिंग : एकूण एकतीस किलो. हा शिधा प्रभावतीबाईंनी निघायच्या आधी आठ दिवस खपून केला. (ताटात काय असेल ते आधी ठाऊक नसावे, ही मूळ मागणी फाइलच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत होतीच.)

निघण्यापूर्वी फाइल सुधारणा क्रमांक सहावर पोहोचली होती आणि एकेचाळीस पानांची झाली होती. मस्कतमधल्या मराठी मंडळींत ती फिरू लागली. मस्कतशेजारच्या सीब गावात राहणाऱ्या समरीनने ती वाचून कळवले की इतकी सविस्तर माहिती मिळाल्यावर आता प्रत्यक्ष जायची गरज वाटत नाही. धनंजयरावांनी हा अभिप्राय प्रस्तावनेत घेतला.

जूनमध्ये मंडळी लिस्बनला पोहोचली. शहर चढ-उतारांचे, आनंदी, आणि दुपारी बारापासून सगळे जण रस्त्यावर खुर्च्या टाकून जेवत असलेले. या प्रकाराला शिस्त नव्हती. धनंजयरावांनी दुसऱ्याच दिवशी पाहणी दौरे सुरू केले. पद्धत सोपी होती : खानावळीबाहेर उभे राहायचे, मेनू पूर्ण वाचायचा, आत डोकावून खुर्च्या मोजायच्या, ज्ञानदाने फोटो काढायचा, शिक्का ठरवायचा आणि पुढे जायचे. या दौऱ्यांना एक नियम होता, आणि तो धनंजयरावांच्या बावीस वर्षांच्या अनुभवाचे सार होता. भुकेलेला माणूस निःपक्षपाती राहू शकत नाही. सबब पाहणीला जेवूनच निघायचे, आणि पाहणी संपली की जेवायला घरी यायचे.

आता जेवून निघायचे म्हणजे कुणीतरी आधी रांधायला हवे, आणि घरी येऊन जेवायचे म्हणजे कुणीतरी पुन्हा रांधायला हवे. ही व्यवस्था आपोआप झाली. पहिल्या चार दिवसांत सदतीस खानावळींची पाहणी झाली. त्याच चार दिवसांत कुकर अकरा वेळा लागला. हवाबींनी कांदे चिरले, प्रभावतीबाईंनी फोडण्या दिल्या, आणि समोरच्या घरातल्या एका म्हाताऱ्या पोर्तुगीज बाईने खिडकीतून हातवारे करून विचारले की हे इतके छान वासाचे हॉटेल किती वाजता उघडते.

चौथ्या दिवशी ज्ञानदाने एक हरकत नोंदवली. तिचे मराठी इंग्रजी शाळेमुळे जरा अडखळते. "बाबा, इकडे लोक फक्त बसतात. मग वेटर येतो. दॅट्स इट. तेवढंच असतं ते." धनंजयरावांनी हरकत स्वीकारली आणि तिच्यावर 'क' लिहिले.

पाचव्या दिवशी दुपारी सव्वा वाजता धनंजयराव, हुसैनमियाँ आणि ज्ञानदा पाहणी आटोपून तिसरा मजला चढून आले, तर दार बंद. किल्लीने उघडले. गॅसवर कुकर नव्हता. ओट्यावर चार कांदे होते, सुरी होती, प्रभावतीबाईंचा फोन होता आणि प्रभावतीबाई नव्हत्या. हवाबीही नव्हत्या. पंचवीस वर्षांत धनंजयरावांनी जेवणाच्या वेळी कुणीच नसलेला ओटा पाहिला नव्हता. ते घाबरले. पोलिसांना कळवायचे तर कोणत्या नमुन्यात, हेही त्यांना सुचेना. "कोथिंबीर आणायला गेल्या असतील," हुसैनमियाँ म्हणाले, पण जिन्याकडे आधी वळले तेच.

तिघे जिना उतरले. दोन गल्ल्या सोडून, उताराच्या वळणावर, एक टक्कल पडलेला माणूस आपल्या दाराबाहेर कोळशांवर मासे भाजत होता. त्याच्यामागे तीन टेबले. एका टेबलावर कागद अंथरलेला, आणि त्या कागदाशी प्रभावतीबाई आणि हवाबी समोरासमोर बसलेल्या. दोघींची बोटे तेलकट. मधल्या थाळीत काट्यांचा ढीग. हवाबी काहीतरी सांगत होत्या आणि प्रभावतीबाई हसत होत्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत, मान मागे टाकून. धनंजयरावांनी हे हसू कधी पाहिले होते ते त्यांना आठवेना.

मग त्यांनी थाळीत पाहिले आणि ओळखले. "ही तारली आहे," ते म्हणाले. "आमच्याकडे खत म्हणून माडाच्या मुळाशी घालतात."

"म्हणून तर माड एवढे वाढतात," हवाबी म्हणाल्या. "बसा हो धनंजयभाय. त्याला काय बोलता येत नाही, आम्हाला पण येत नाही. आम्ही बसलो, त्याने आणलान."

"काय मागवलं होतंस?" त्यांनी पत्नीला विचारले.

"काही नाही," प्रभावतीबाई म्हणाल्या. "काय येतंय ते बघत बसले होते." आणि त्यांनी एक तारली काटा काढून, पावाच्या तुकड्यावर ठेवून, नवऱ्यापुढे सरकवली.

धनंजयराव पाच दिवसांत प्रथमच भुकेल्या पोटी खानावळीत उभे होते. नियम मोडला होता. त्यांनी नऊ तारल्या खाल्ल्या. हुसैनमियाँनी तव्याचा पूर्वेतिहास विचारला नाही, कारण तवा नव्हताच. ज्ञानदाने टोमॅटो-कांद्याच्या तीन थाळ्या पावाबरोबर संपवल्या. बोटे चाटताना धनंजयरावांना गुहागरच्या किनाऱ्यावरच्या वाळूचा वास आला, आई आठवली, आणि त्यांना रडू आले. त्यांनी ते लपवलेही नाही.

त्यानंतर त्यांनी हात धुतले आणि विहित नमुना काढला. खुर्च्यांना पाठ नाही. पाण्याचा पाइप नाही. मेनू नाही. दारावर पाटी नाही, त्यामुळे नावाचा रकाना भरता येत नाही. परीक्षक उपाशी असल्याने निःपक्षपाती नव्हता. माणूस प्रामाणिक असला की त्याला स्वतःच्या जिभेचेही ऐकता येत नाही. जड अंतःकरणाने, तेलकट बोटांनी, त्यांनी 'ड' लिहिला.

"नापास केलंत?" प्रभावतीबाईंनी विचारले.

"इलाज नव्हता."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "आता इथे ओळखीचं कुणी यायचं नाही."

उरलेले तीन दिवस पाहणी नियमाप्रमाणे, भरल्या पोटी, झाली. मंडळी जेवून बाहेर पडली की प्रभावतीबाई आणि हवाबी कोथिंबीर आणायला खाली उतरत. कोथिंबीर आणायला दीड तास लागे, आणि दोघी आल्यावर जेवायला बसत नसत. धनंजयरावांच्या नजरेतून हे सुटले नाही. अंतिम फाइलच्या पान अडतीसवर त्यांनी टीप दिली आहे : 'लिस्बनमध्ये कोथिंबीर मिळण्यास सरासरी दीड तास लागतो, सबब मस्कतहूनच न्यावी.'

सुधारणा क्रमांक नऊ आता सर्वत्र उपलब्ध आहे. गेल्या वर्षभरात मस्कत आणि सीबहून सव्वीस कुटुंबे ती घेऊन लिस्बनला जाऊन आली. एकाचेही पोट बिघडले नाही. सगळी घरीच जेवली.

त्या वळणावरच्या जागेचे नाव पुष्कळांनी विचारले. प्रभावतीबाई सांगत नाहीत. आठवत नाही म्हणतात आणि पोळी उलटतात. आपणही, वाचकहो, त्याच नावासाठी इथपर्यंत आला असाल, तर दिलगीर आहोत. तसदीबद्दल एक छोटा नमुना मात्र सोबत दिला आहे, दोनच रकान्यांचा. पहिला : आपण हे वाचत असताना आतून 'ताट वाढलंय' अशी हाक किती वेळा आली. दुसरा : ती हाक मारणाऱ्या व्यक्तीने, ताटात काय आहे हे ठाऊक नसताना, शेवटचे केव्हा जेवण घेतले, दिनांक लिहावा. दिनांक आठवत नसल्यास रकाना कोरा सोडावा. 'वरीलप्रमाणे' लिहू नये.